चौथी सुटली, पाचवी लागली

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. वंदना झाली की तासभर गणित आणि तासभर इंग्रजी. मागच्या रविवारी वर्ग सुटल्यावर एक ताई मागे थांबल्या. चार घरची धुणीभांडी करतात, नवरा मिस्त्रीच्या हाताखाली कामाला आहे. म्हणाल्या, “भाऊ, पोराची चौथी झाली. आता मोठ्या शाळेत नाव टाकाचं हाय. तिथं काय लागते, कसं राहते, आमाले तं काईच मालूम नाही. पोरगं रात्री झोपेत दचकते.”

मी उभ्या उभ्या दोन गोष्टी सांगितल्या, पण सायकलवर बसल्यावर वाटले की हा प्रश्न त्या एकट्या ताईंचा नाही. पहिलीला पोर घालताना आपण नवे कपडे घेतो, पेढे वाटतो, फोटो काढतो. दहावीला तर सारी वस्ती जागी असते. मधल्या पाचवीकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. आमच्या विदर्भात जुने लोक या शाळेला अजून ‘मिडल स्कूल’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत आता पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. प्रत्यक्षात कुठे चौथीनंतर शाळा बदलते, कुठे पाचवीनंतर, कुठे सातवीनंतर. वर्ग कोणताही असो, घराजवळची छोटी शाळा सुटून पोर मोठ्या फाटकाच्या शाळेत जाते, त्या दिवसाविषयी मी लिहीत आहे.

मी कारकून माणूस. त्यामुळे कागदापासून सुरुवात करतो. (आमच्या घरी यावरून हसतात, पण हसू द्या.)

जुनी शाळा सोडताना जो दाखला मिळतो तो हातात पडला की घडी घालून खिशात ठेवू नका. तिथेच उभे राहून वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जन्मस्थळ, धर्म, जात. एकेक रकाना जन्माच्या दाखल्याशी आणि आधार कार्डाशी ताडून पाहा. आडनावातली एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर पुढे काय होते ते मी टेबलाच्या या बाजूला बसून रोज पाहतो. पन्नाशीचे लोक पेन्शनच्या कागदासाठी येतात आणि पाचवीतल्या कुणा बाबूने घाईत लिहिलेल्या नावापायी अॅफिडेव्हिट करत फिरतात. मूल शाळेत शिकत आहे तोवर जनरल रजिस्टरमधली चूक दुरुस्त होणे त्यातल्या त्यात सोपे असते. मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, जन्माचा दाखला जोडायचा, त्यांच्यामार्फत शिक्षण खात्याची मंजुरी येते. एकदा शाळा कायमची सुटली की तेच काम डोंगराएवढे होते.

जातीच्या रकान्याविषयी थोडे जास्त लिहितो, कारण इथे आपले लोक फार गोंधळतात. कुणी धर्म बौद्ध लिहून जात कोरी सोडतो, कुणी नवबौद्ध लिहितो, कुणी सवलत जाईल या भीतीने जुनेच लिहून ठेवतो. एकाच घरातल्या तीन भावंडांचे तीन प्रकार मी पाहिले आहेत. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती आधीपासून मिळत होत्या. केंद्राने १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. तेव्हा ‘बौद्ध लिहिले की सवलत जाते’ ही भीती पस्तीस वर्षे शिळी झाली आहे. जातीचा दाखला काढताना मात्र मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा जुना दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, असे काही घरात पेटीच्या तळाशी असेल तर त्याच्या दोन झेरॉक्स आजच काढून ठेवा. उंदीर आणि वाळवी आपली वाट पाहत नाहीत.

दाखला द्यायला जुनी शाळा टाळाटाळ करू लागली तर नम्रपणे सांगावे की शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखला ताबडतोब द्यावा लागतो. आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आवाज चढवायची गरज पडत नाही. कायद्याचे नाव नीट घेतले की बहुतेक वेळा काम होते.

आता शाळेत शिरू.

पोराला पहिला धक्का बसतो तो बाईंचा. चौथीपर्यंत एकच बाई किंवा एकच गुरुजी. तेच मराठी शिकवणार, तेच गणित, तेच नाक पुसायला सांगणार. घरी कोण आजारी आहे हेही त्यांना ठाऊक. नव्या शाळेत घंटा झाली की एक सर जातात आणि दुसरे येतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा, वही तपासायची रीत वेगळी, ओरडायची रीतही वेगळी. कुणी फळ्यावर भराभर लिहून पुसून टाकतात. पहिले पंधरा दिवस पोर घरी अर्धवट वह्या घेऊन येते. आपण म्हणतो, लक्ष देत नाही. तसे नसते. त्याचा हात अजून त्या वेगाला आलेला नसतो.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. चौथीत सगळी पुस्तके दप्तरात कोंबून नेली तरी चालत होते. आता आज हिंदीचा तास आहे की नाही, चित्रकलेची वही कधी न्यायची, पीटीचा पोशाख कोणत्या दिवशी, हे लक्षात ठेवावे लागते. एक काम करा. वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा. आईला वाचता येत नसले तरी रात्री भाकरी थापता थापता तिने “उद्या काय काय हाय रे?” एवढे विचारले तरी पोर स्वतः वाचून दप्तर भरते. हे आमच्या शेजारच्या घरात मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या आईला सही येत नाही. तिची मुलगी आज नर्सिंगला आहे.

विषय फार बदलत नाहीत, पण जड होतात. आपल्याकडे हिंदी पाचवीपासून येते. परिसर अभ्यास पाचवीला दोन भागांत असतो. सहावीला त्याचेच सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असे वेगवेगळे विषय होतात. म्हणजे खरा भार सहावीला वाढतो. पाचवी निभावली म्हणून सैल सोडू नये.

बरेच पालक विचारतात, सेमी इंग्रजीत टाकू का? सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. माझे मत विचाराल तर आधी पोराच्या हातात हेच साप्ताहिक द्या आणि अर्धा रकाना मोठ्याने वाचायला सांगा. अडखळत, अक्षर लावत वाचत असेल तर सेमीचा हट्ट धरू नका. आधी मराठी वाचन पक्के करा. झरझर वाचत असेल तर खुशाल टाका. शेजाऱ्याच्या पोराने घेतले म्हणून घेऊ नका. आमच्या अभ्यासवर्गात सातवीची दोन मुले आहेत. इंग्रजीतली गणिताची व्याख्या तोंडपाठ म्हणतात, पण ‘पाऊण डझन केळी म्हणजे किती’ विचारले की एकमेकांकडे बघतात. त्यात मुलांचा दोष काय?

वाचनाची ही परीक्षा घरी सगळ्यांनीच घ्यावी. आपली मुले चौथी पास होऊन येतात, प्रगतिपत्रकावर चांगली श्रेणी असते आणि त्यातल्या काहींना जोडाक्षर वाचता येत नाही. हातच्याची वजाबाकी आणि दोन अंकी भागाकार हीही दोन गणिते घालून पाहा. येत नसेल तर जूनमध्येच कळलेले बरे. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नसत. २०१९ साली केंद्राने कायदा बदलला आणि २०२३ साली आपल्या राज्यानेही नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा एक संधी मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावे लागते. मात्र शाळेतून काढून टाकता येत नाही. हे घरी घाबरवण्यासाठी सांगू नका, स्वतः लक्षात ठेवा. आणि पहिल्या चाचणीत गुण घसरले तर हात उचलू नका. जवळजवळ सगळ्यांचेच घसरतात. आपल्या पोराचेच घसरले असे आपल्याला वाटते, कारण आपण दुसऱ्याच्या पोराला विचारत नाही.

आता जी गोष्ट सांगायला मी टाळत होतो ती सांगतो.

मी पाचवीत गेलो तो १९९० सालचा उन्हाळ्यानंतरचा पहिला आठवडा. शाळा नावाजलेली होती, वस्तीपासून अर्ध्या तासाची पायपीट. वर्गात साठेक मुले, आमच्या वस्तीतले आम्ही तिघे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर यादी घेऊन आले आणि म्हणाले, “बी.सी.चे विद्यार्थी उभे राहा.” मला बी.सी. म्हणजे काय ते पुरते कळत नव्हते, पण कळत नव्हते असेही नाही. माझ्या बाकावरचा मुलगा नुकताच दोस्त झाला होता. त्याच्या डब्यातले लोणचे मी खाल्ले होते. माझे दोघे सोबती उभे राहिले. मी खाली मान घालून वहीवर रेघ मारत बसलो. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि यादी मिटली.

दिवाळीनंतर फीची चिठ्ठी आली. तेव्हा मुलांना फी होती आणि आपल्याला ती माफ होत असे, पण फॉर्म भरलेला असला तर. बाबांचे कायमचे काम त्याआधीच सुटले होते, ठेकेदाराकडे रोजीने जात होते. एक दिवसाची रोजी बुडवून ते शाळेत आले. खिडकीवरच्या बाबूने सांगितले, मुदत संपली, नाव यादीत नाही. बाबा म्हणाले, “नाव कसं नाही? पोरगा इथंच शिकते ना?” बाबू म्हणाला, “पोराला विचारा.” बाबांनी मला तिथे काही विचारले नाही, घरी येईपर्यंत रस्त्यातही विचारले नाही. ठेकेदाराकडून उचल घेऊन फी भरली. ती उचल होळीपर्यंत फिटत होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये सर यादी घेऊन आले तेव्हा मी सर्वांच्या आधी उभा राहिलो. पण त्या वर्षाची फी आणि बाबांची ती चाल मला अजून आठवते.

तेव्हा हे विचारणे चूक होते आणि आजही चूक आहे. भर वर्गात जात विचारून उभे करण्याचे काहीच कारण नाही. ऑफिसात दाखले असतात, त्यावरून यादी निघते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबरच मानसिक त्रास देण्यासही बंदी आहे. वर्गात असे होत असेल तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे, एकट्याने जाऊ नये आणि लेखी द्यावे. पण शाळा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोपर्यंत पोराला आपणच आधी सांगून ठेवावे. शिष्यवृत्ती म्हणजे काय, ती आपल्याला का मिळते, कुणी ‘फुकटवाले’ म्हटले तर काय उत्तर द्यायचे. हे दहा वर्षांच्या मुलाला समजते. मला कुणी सांगितले नव्हते, आणि बाबांनाही ते कसे सांगायचे हे ठाऊक नव्हते.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. त्या काळच्या हिशेबाने तीही मोठीच शाळा. बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि शिपाई नसला तर पाणी नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मुलांना शाळेतला तो प्रवेश जरूर सांगा. गुणांची आणि पदव्यांची यादी आपण सांगतोच. पोराला जवळचे वाटेल ते त्याच्याच वयाचे, नव्या वर्गाच्या दारात उभे असलेले पोर.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे. मी पुरुष माणूस, लिहावे की नाही म्हणून घरी विचारले. सौ. म्हणाली, लिहा, कुणीतरी लिहायलाच पाहिजे. पाचवी ते सातवी या वर्षांतच मुलींची पाळी सुरू होते. बऱ्याच घरांत ती आल्यावर सांगतात, आधी नाही. मग वर्गात डाग पडतो, मुले हसतात आणि पोरगी दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून झोपून राहते. असे महिन्याला तीन-चार दिवस बुडतात, गणिताचा धडा पुढे जातो, चाचणीत नापास आणि मग ‘तिचे डोके चालत नाही’. आपल्याच वस्तीतल्या एका हुशार मुलीची शाळा सहावीत अशी सुटली. माझ्या अभ्यासवर्गात होती. मला कारण कळले ते दोन वर्षांनी, सौ.च्या तोंडून. तेव्हा आई, मावशी, मोठी बहीण, जी कुणी असेल तिने चौथीच्या सुट्टीतच समजावून सांगावे आणि दप्तरात एक जोडी ठेवून द्यावी. प्रवेश घेतानाच मुलींच्या संडासाला कडी आहे का, पाणी येते का, हे आईने स्वतः जाऊन पाहावे. शाळेची इमारत पाहतो तसे हेही पाहायचे.

दुसरे, धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून मुलीला घरी ठेवू नका. चौथीच्या शाळेत एक दिवस बुडाला तर बाई भरून काढत. इथे सहा सरांचे सहा तास बुडतात.

खर्चाचे थोडक्यात. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत फी नाही, पाठ्यपुस्तके मोफत, दुपारचे जेवणही आहे. जेवणात सहावीपासून धान्याचे प्रमाण शंभर ग्रॅमवरून दीडशे ग्रॅम होते. सरकारी शाळांत गणवेशही मिळतो. विनाअनुदानित शाळेत मात्र फी लागते, म्हणून पाटीवरचे नाव पाहून भुलू नका, ‘अनुदानित आहे का’ हे आधी विचारा. गावाकडच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो. आपल्या मुलींसाठी पाचवीपासूनच सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. तिचा फॉर्म शाळेतूनच भरला जातो, पण शाळेने आठवण ठेवली नाही तर आपण ठेवावी. बँकेचे खाते मुलाच्या नावाने असावे आणि त्यावरचे नाव दाखल्याप्रमाणे असावे. (पुन्हा दाखला आला, काय करणार!)

पाचवीत असतानाच नवोदय विद्यालयाची परीक्षा द्यावी लागते, प्रवेश सहावीला होतो. समाजकल्याण खात्याच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या निवासी शाळा सहावीपासून आहेत, राहणे-जेवणे मोफत. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी याचा जरूर विचार करावा. पुढे आठवीला केंद्राची एनएमएमएस परीक्षा असते. ती उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अनुदानित वा सरकारी शाळेतल्या आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे. आपल्या किती मुलांना याचे नावही ठाऊक नसते!

परवा त्या ताईंबरोबर मी नवी शाळा पाहायला गेलो. पोरगेही सोबत होते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मैदान रिकामे, शिपाईमामा तेवढे झाडाखाली बसलेले. आम्ही पोराला वर्ग दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, लघवीची जागा दाखवली, फाटकातून घराकडे कसे वळायचे ते त्यालाच पुढे चालायला लावून पाहिले. वाटेत दोन चौक होते. पहिल्याला चुकले, दुसऱ्याला बरोबर वळले. परत येताना विचारले, “मोठे पोट्टे मारतात का काका?” मी म्हटले, “एखादा धक्का देतो कधी. सरांना सांगायचं आणि घरी सांगायचं.” त्याने थोडा विचार केला आणि मग त्या शाळेत फुटबॉल आहे का ते विचारले. ते मला ठाऊक नव्हते. शिपाईमामांना विचारायला तो एकटाच मागे पळत गेला.

पुढच्या अंकात शिष्यवृत्तीच्या फॉर्मला कोणते कागद जोडायचे आणि उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा ते लिहीन. ज्यांचे दाखल्याचे काम अडले असेल त्यांनी झेरॉक्स घेऊन रविवारी विहारात यावे. मूळ कागद घरीच ठेवावा.